ईस्टरचा रविवार

नाताळची तारीख कोणास पंचांगांत शोधावी लागत नाहीं. ईस्टरचें तसें नाहीं. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा हा सण ख्रिस्ती धर्मांत सर्वांत थोर मानला जातो; तरी तो एका वर्षीं मार्चअखेर येतो, तर दुसऱ्या वर्षीं एप्रिल संपत आला असतां. तिथि पाळावी कीं वार पाळावा, हा या घोटाळ्याच्या मुळाशीं असलेला प्रश्न होय.

येशूला क्रुसावर चढविलें तें यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या सुमारास. तो सण निसान या चांद्रमासाच्या चौदाव्या दिवसाशीं, म्हणजे पौर्णिमेशीं निगडित आहे. आशिया मायनरमधील मंडळ्या वार कोणताही असो, तोच दिवस पाळीत. उलट, प्रभु उठला तो रविवारीं, तेव्हां सणही रविवारींच व्हावा, असा रोमचा आग्रह होता. इ. स. १५५ च्या सुमारास स्मर्णा येथील वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प रोमला गेले, तेव्हां तेथील बिशप अनिसेटस यांच्याशीं त्यांचें या प्रश्नावर बोलणें झालें. दोघांपैकीं एकानेंही आपली परंपरा सोडली नाहीं. तरीही अनिसेटस यांनीं प्रभुभोजनाचा विधि चालविण्याचा मान पाहुण्यास दिला, आणि दोघांनीं सलोख्यानें एकमेकांचा निरोप घेतला. पुढें १९० च्या सुमारास रोमचे बिशप व्हिक्टर आशियांतील मंडळ्यांना बहिष्कृत करावयास निघाले, तेव्हां लियोंचे बिशप इरेनियस यांनीं त्यांस याच भेटीची आठवण दिली.

सर्वांनीं एकाच रविवारीं ईस्टर पाळावा, असें ३२५ मध्यें नायसियाच्या धर्मसभेनें ठरविलें. कालांतरानें नियम रूढ झाला तो असा: २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून हा सण २२ मार्चच्या आधीं व २५ एप्रिलच्या नंतर येत नाहीं. परंतु ही पौर्णिमा आकाशांतली नव्हे, गणिताच्या कोष्टकांतली. आणि ठिकठिकाणचीं कोष्टकें निराळीं! सातव्या शतकांत इंग्लंडांतील नॉर्थंब्रियाचा राजा ओस्विउ आयर्लंडकडील साधूंचें गणित मानी, तर केंटहून आलेली राणी एनफ्लेड रोमचें. इतिहासकार बीड लिहितो कीं, राजा उपवास सोडून ईस्टर साजरा करीत असतां राणी व तिचे लोक उपवास धरून झावळ्यांचा रविवार पाळीत, असेंही घडे. एकाच वाड्यांत एकीकडे मेजवानी व दुसरीकडे उपवास! अखेर ६६४ मध्यें व्हिटबीच्या मठांत सभा भरून राजानें रोमच्या बाजूनें कौल दिला. पराभूत पक्षाचे बिशप कोलमन आपल्या अनुयायांसह देश सोडून गेले.

१५८२ मध्यें पोप तेरावे ग्रेगरी यांनीं कालगणना सुधारतांना दहा दिवस गाळले. पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळ्या ईस्टरपुरतें जुनेंच गणित धरून राहिल्या. त्यामुळें २०२४ मध्यें पश्चिमेचा ईस्टर ३१ मार्चला, तर त्यांचा ५ मे रोजीं झाला. २०२५ मध्यें, नायसियाच्या सभेस सतराशें वर्षें पूर्ण होत असतां, दोन्ही २० एप्रिललाच आले. पण तो केवळ गणिताचा योग होता. तारखेचा प्रश्न आजही सुटलेला नाहीं. पॉलिकार्प व अनिसेटस यांनाही तो सुटला नव्हता. तरी त्यांची उपासना एकत्र झाली होती.