स्तरित धातू-ऑक्साइडे : चुंबकीय अनुस्पंदनाने अभ्यास

ज्या स्फटिकांत धातूचे व ऑक्सिजनचे अणू मिळून सपाट थर बनतात आणि थरांच्या मध्ये लँथॅनम, सोडियम, लिथियम अशा मूलद्रव्यांचे आयन बसतात, त्यांना स्तरित धातू-ऑक्साइडे म्हणतात. थरातील धातूच्या आयनांची परिवलने (स्पिन) ऑक्सिजनच्या मार्फत एकमेकांशी घट्ट बांधलेली असतात, मात्र एका थराचा दुसऱ्याशी असलेला चुंबकीय संबंध फार दुबळा असतो. म्हणून हे पदार्थ जवळजवळ द्विमितीय चुंबकांसारखे वागतात.

या कुळातील सर्वाधिक अभ्यासलेला पदार्थ लँथॅनम कॉपर ऑक्साइड होय. त्यातील तांब्याच्या प्रत्येक आयनावर एक अयुग्मित इलेक्ट्रॉन असतो आणि शुद्ध नमुन्यात सुमारे ३२५ केल्व्हिनखाली, म्हणजे पुण्यातील कडक उन्हाळ्याच्या तापमानालाही, शेजारची परिवलने परस्परविरुद्ध दिशांना स्थिरावतात. या मांडणीला प्रतिलोहचुंबकत्व म्हणतात. चुंबकत्वमापक नमुन्याचे केवळ एकूण चुंबकन मोजतो आणि इथे ती बेरीज जवळजवळ शून्य येते. आतली सुव्यवस्था तिच्यातून उमगत नाही. अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे खरे मोल इथे कळते. अणुकेंद्र आपल्या जागेवरच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रमाणातील कंप्रतेलाच रेडिओलहरी शोषते, त्यामुळे बाहेरचा चुंबक काढून घेतला तरी तांब्याचा संकेत ९० मेगाहर्ट्झच्या आसपास मिळतो आणि त्यावरून त्या केंद्राजवळ सुमारे ८ टेस्लाचे अंतर्गत क्षेत्र असल्याचे ठरते. थरांच्या मधल्या लँथॅनमला मात्र ०.१ टेस्लाच्या आसपासचेच क्षेत्र जाणवते. एकाच स्फटिकातील दोन जागांमधला एवढा फरक सरासरी मापनात पुसला जातो.

सोडियम कोबाल्ट ऑक्साइडात थरांमधील सोडियमचे प्रमाण बदलले की कोबाल्टचा विद्युतभार आणि त्यासोबत चुंबकत्वही बदलते. कोबाल्ट व सोडियम या दोन्हींच्या केंद्रांचे संकेत तपासल्यावर काही प्रमाणांत सोडियम ठराविक नक्षीत बसतो आणि सर्व कोबाल्ट आयन सारखे नसतात, त्यांतील काही अचुंबकीय असतात, असे स्पष्ट झाले.

चूर्णात स्फटिककण सर्व दिशांना विखुरलेले असल्याने वर्णरेषा पसरट होतात. क्षेत्र थराला लंब व समांतर ठेवून तुलना करायची तर एकस्फटिकच हवा. पुण्यात पाषाण येथे १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे आणि अनुस्पंदनाची सुसज्ज सोय तिथे आहे. २००६ मध्ये स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था (आयसर) तिच्या शेजारीच आहे. आयसरमध्ये ताम्र ऑक्साइडांसारखे एकस्फटिक प्रकाशीय भट्टीत वाढवले जातात : आरशांनी एकवटलेल्या दिव्यांच्या प्रकाशात ऑक्साइडाच्या कांडीचा छोटा पट्टा वितळतो, तो अतिशय सावकाश पुढे सरकवला जातो आणि मागे घट्ट होणारा भाग स्फटिकरूप धारण करतो. मुशीचा स्पर्श न झाल्याने भेसळ टळते. ही बाब कळीची आहे, कारण तांब्याच्या जागी शिरलेला परका अणू भोवतालची परिवलने विस्कळीत करतो व संकेतात त्याची खूण उमटते.