विलायतेतली लढाई, बेलापूरचं घासलेट

बेलापूरच्या किल्ल्याखालच्या गावठाणात आमचं घर. सिडको येण्याआधी इथे भातशेती होती, मिठागरं होती. आजी त्या काळातली. दुसरं महायुद्ध कधी सुरू झालं, असं विचारलं की ती साल सांगत नसे. म्हणायची, “लराई विलायतला, न घासलेट आमचा बंद.”

साल पुस्तकात मिळतं. 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. 3 तारखेला, रविवारी, ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थानही युद्धात असल्याचं जाहीर करून टाकलं. लोकांनी निवडून दिलेल्या एकालाही विचारलं नाही. निषेध म्हणून बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारने नोव्हेंबरात राजीनामा दिला. गावात यातलं काही पोचलं नसावं. पोचली ती टंचाई. घासलेट नाही म्हणून दिव्यात करंजाचं तेल, आणि एकच लुगडं दोघी जावांत.

आजीची लढाई खरी भडकली ती 14 एप्रिल 1944 ला. मिठाचा हंगाम जोरात होता. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ती बांधावरून चालली होती. दुपारचे चार वाजून गेले होते. खाडीपलीकडून धडाका आला आणि पायाखालचा बांध हादरला. ती पाटी टाकून पळत घरी आली, तर मांडणीवरची भांडी जमिनीवर. अर्ध्या तासात दुसरा धडाका. रात्री मुंबईकडचं आभाळ लाल. जपान्यांनी बॉम्ब टाकले, असंच सगळ्या गावाला वाटलं.

जपानी आलेच नव्हते. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं होतं. इंग्लंडहून आणलेला सुमारे 1400 टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा त्यात होत्या, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठीही. कापसाने पेट घेतला. दारूगोळ्याच्या जहाजावर कापूस चढवणाऱ्यांना मी आजही माफ करू शकत नाही. शेकडो माणसं गेली. आग विझवायला धावलेले अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. त्यांच्यासाठी देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात.

खाडीच्या या काठावरून तो दिवस पाहिलेलं कुणी तुमच्या घरात अजून असेल, तर आजच जवळ बसून विचारा आणि त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा.