बर्लिनचा दूरदर्शन-मनोरा

बर्लिनच्या पूर्व भागांत, अलेक्झांडरप्लाट्झ चौकाच्या शेजारीं, ३६८ मीटर उंचीचा दूरदर्शन-मनोरा उभा आहे. जर्मनींत याहून उंच वास्तु नाहीं. २०३ मीटरवरील प्रेक्षकदालनांतून खालीं सेंट मेरीचें मध्ययुगीन प्रार्थनामंदिर दिसतें, पलीकडे स्प्रे नदीच्या दोन फांट्यांमधील वस्तुसंग्रहालयांचें बेट, आणि पश्चिमेस ब्रांडेनबुर्ग वेशीमागें टियरगार्टनची गर्द झाडी. या पश्चिमेकडील देखाव्यांतच मनोऱ्याच्या इतिहासाचें मर्म आहे.

मूळ प्रयोजन अगदीं रुक्ष होतें. १९५२ सालीं स्टॉकहोम येथील परिषदेंत युरोपांतील प्रक्षेपणाच्या लहरींची वांटणी झाली. पूर्व जर्मनीच्या राज्यास तेव्हां फारसें कोणी मानीत नव्हतें. त्याच्या वांट्यास थोड्याच लहरी आल्या, आणि एकाच उंच ठिकाणाहून राजधानी व्यापण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. म्युगेलबेर्गे टेकड्यांवर काम सुरूहि झालें. पण शोनेफेल्ड विमानतळाचा मार्ग आडवा आला. पुढें १९६५ सालीं शहराच्या मध्यावर बांधणी सुरू झाली आणि उपयोगाबरोबर वैभवाचीहि हांव शिरली. काँक्रीटच्या खांबावर पोलादी गोळा बसविला, तो १९५७ च्या रशियन स्पुटनिकची आठवण देणारा. राज्याच्या विसाव्या वर्धापनदिनाच्या तोंडावर, ३ ऑक्टोबर १९६९ रोजीं, वाल्टर उलब्रिख्ट यांनीं मनोऱ्याचें उद्घाटन केलें.

पण ऊन पडतांच त्या गोळ्यावर लखलखीत क्रूस उमटूं लागला! निरीश्वरवादी सत्तेची याहून मोठी थट्टा कोणास योजूनहि करतां आली नसती. बर्लिनकरांनीं त्यास ‘पोपचा सूड’ असें नांव दिलें. १२ जून १९८७ रोजीं भिंतीसमोरील भाषणांत अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनींहि या क्रुसाचा उल्लेख केला.

आमच्या मतें मात्र खरी विसंगति निराळीच. १९६१ पासून शहराच्या मधून भिंत गेली होती. पूर्वेकडील सामान्य माणसास पश्चिमेस पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. तोच माणूस तिकीट काढून वर आला म्हणजे पलीकडचे रस्ते व झाडी डोळे भरून पाहूं शके. वरचें फिरतें उपाहारगृह तासाभरांत एक प्रदक्षिणा घाली. कॉफीचा पेला हातीं असतां निषिद्ध अर्धें शहर समोरून सरकत जाई.

९ नोव्हेंबर १९८९ रोजीं भिंत मोकळी झाली, आणि ३ ऑक्टोबर १९९० रोजीं, म्हणजे मनोऱ्याच्या वाढदिवशींच, दोन्ही जर्मन राज्यें एक झालीं. जवळचा ‘प्रजासत्ताकाचा प्रासाद’ २००८ पर्यंत पाडण्यांत आला. त्या जागीं जुन्या राजवाड्याचा दर्शनी भाग पुन्हां उभारला गेला. मनोरा राहिला, त्यावरील प्रक्षेपणहि चालू आहे. भिंतीची रेषा मात्र आतां वरून शोधावी लागते.