वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या कमरेतील स्ट्रेस फ्रॅक्चर : फिजिओथेरपी कशी असते?

तुमचा मुलगा किंवा मुलगी वेगवान गोलंदाजी करते आणि दोन-तीन आठवड्यांपासून कंबर एकाच बाजूला दुखते, मागे वाकल्यावर जास्त. अशा वेळी ‘स्नायू आखडला असेल’ म्हणून मालिश आणि गोळ्यांवर भागवू नका. मणक्याच्या मागच्या भागातील अरुंद हाडाला तडा गेलेला असू शकतो. उजव्या हाताने गोलंदाजी करणाऱ्यांत तो बहुधा डाव्या बाजूला असतो. चेंडू टाकताना कंबर एकाच वेळी मागे वाकते, बाजूला झुकते आणि वळते. वाढत्या वयातील हाडावर हा ताण वारंवार येत राहतो. सुरुवातीला एक्स-रे अनेकदा नॉर्मल येतो, त्यामुळे एमआरआय करावा लागतो.

पालकांची सर्वात मोठी चूक वेगळीच असते. विश्रांतीने तीन-चार आठवड्यांत दुखणे थांबते आणि मुलाला पुन्हा नेट्समध्ये पाठवले जाते. पण हाड भरून यायला साधारण तीन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. वेदना थांबणे आणि हाड जुळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून पहिल्या टप्प्यात गोलंदाजी, धावणे, उड्या पूर्ण बंद. वेदना होत नसेल तर चालणे, पाठीवर झोपून गुडघे वाकवून पोटाचे स्नायू हलके आवळणे, मांडीच्या मागच्या स्नायूंचे सौम्य ताण. भुजंगासन, धनुरासन आणि सूर्यनमस्कार सध्या नकोत, कारण त्यात कंबर मागे वाकते. घरच्यांना हे पटवणे मला नेहमीच जड जाते!

पुढे फिजिओथेरपिस्ट पोट, नितंब आणि कंबरेची ताकद वाढवतात : हात-गुडघ्यांवर राहून विरुद्ध हात-पाय उचलणे, साइड प्लँक, एका पायावर तोल सांभाळणे. व्यायामाने दुखले तर एक पायरी मागे या. मग धावणे आणि शेवटी छोट्या रन-अपने, दिवसाआड, मोजके चेंडू. शाळा, क्लब आणि अकादमी मिळून आठवड्यात एकूण किती चेंडू टाकले, हे वहीत लिहा; प्रत्येक प्रशिक्षकाला फक्त आपलेच चेंडू माहीत असतात. वेगवान गोलंदाजाला सामन्यात परतायला बहुधा सहा महिने किंवा अधिक लागतात. जसप्रीत बुमराहलाही २०१९ मध्ये याच दुखापतीमुळे काही महिने बाहेर राहावे लागले होते. शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते.

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, ताप किंवा रात्री झोपेतून उठवणारी वेदना असेल, तर फिजिओथेरपीच्या पुढच्या वेळेची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.