उत्तरेचं गुस्ल
सॉना, बर्फगार पाण्यात डुबकी, वसंतात रानात भटकंती: या नॉर्डिक सवयींचं आज जगभर कौतुक होतं. मला मात्र इब्न फदलान आठवतो. खलिफा अल-मुक्तदिरचा हा दूत ९२१ साली बगदादहून निघून ९२२च्या मे महिन्यात व्होल्गाकाठी पोहोचला. तिथल्या रूस व्यापाऱ्यांची, म्हणजे बहुतेक इतिहासकारांच्या मते मूळच्या स्कँडिनेव्हियनांची, सुदृढ शरीरं त्याने वाखाणली. पण एकाच भांड्यातल्या पाण्याने सगळे तोंड धुतात, याची त्याला किळस आली.

त्याच उत्तरेतल्या फिनलंडमध्ये पूर्वी बाळंतपण सॉनात होई, मय्यतीची आंघोळही तिथेच. आपल्या मोहल्ल्यांना कुणी घाणेरडे म्हणतं, तेव्हा हे आठवावं: पाकीची ओढ कुठल्याच एका कौमची मालकी नाही.