इंजिन उघडण्याची वेळ : सेलू परिसरातील जुनी मोटार आणि तिची झीज

नागपूर-वर्धा मार्गावर केळझर ओलांडल्यावर आणि पवनार येण्यापूर्वी लागणाऱ्या सेलू या तालुक्याच्या गावाचा मोटारीशी आलेला संबंध कारखान्याचा नाही, तो मुख्यतः वापरलेल्या गाडीचा आहे. अशा गावांत मोटार बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हाती येते, आणि तिच्या इंजिनातला कोणता भाग आता बदलायचा व कोणता अजून चालवून घ्यायचा, हा निर्णय पहिल्या मालकापेक्षा नंतरच्या मालकालाच अधिक वेळा घ्यावा लागतो. हा निर्णय घेण्याची रीत गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत दोनदा पालटली. त्या पालटाचे कारण कारागिरांच्या कौशल्यापेक्षा सुट्या भागांच्या टंचाईत आणि खुद्द इंजिनाच्या रचनेत अधिक सापडते.

वर्धा जिल्ह्यात यंत्र आले ते रेल्वेबरोबर. १८६७ मध्ये लोहमार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला आणि कापसाच्या व्यापाराने जिनिंग-प्रेसिंगची यंत्रे या काळ्या जमिनीवर आणली. मोटार त्यानंतर बरीच उशिरा आली, आणि आली ती श्रीमंतांच्या दारी. गांधीजींच्या वास्तव्यकाळात जमनालाल बजाज यांनी एका जुन्या फोर्ड गाडीला बैल जुंपून ती वर्धा-सेवाग्राम वाटेवर चालवल्याची आणि थट्टेने तिला 'ऑक्सफर्ड' म्हटले जात असल्याची आठवण सांगितली जाते. इंजिनाच्या झिजेवरचा इतका निर्णायक उपाय पुढे कोणत्याही मिस्त्रीला सुचलेला नाही.

स्वातंत्र्यापूर्वीच्या बहुतेक गाड्या अमेरिकी किंवा ब्रिटिश होत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचे काम सुरू केले होते; मात्र स्वातंत्र्यानंतर तयार गाड्यांच्या आयातीवर बंधने आली, आणि देशातच उत्पादन करणाऱ्यांनाच परवानगी असावी असे धोरण १९५३ मध्ये ठरल्यावर जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी येथील काम गुंडाळले. त्यांच्या गाड्या मात्र रस्त्यावर राहिल्या आणि त्यांचे भाग मिळेनासे झाले. पुढची तीस वर्षे प्रामुख्याने दोनच मोटारींनी गाजवली. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्यात तयार होणारी फियाट ही त्यांतली एक, हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर ही दुसरी. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, त्यामुळे जुनी गाडी मोडीत काढण्याचा विचार कोणी सहसा करत नसे.

टंचाईच्या या काळात भाग बदलण्याऐवजी तो पुन्हा कामाला लावण्याची रीत रूढ झाली, आणि तिचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे 'बोअर करणे'. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो, त्या सिलिंडरची भिंत पिस्टनवरच्या रिंगांच्या घर्षणाने झिजते, पण ती सगळीकडे सारखी झिजत नाही. रिंगा जिथवर पोहोचत नाहीत तो वरचा काठ मूळ मापाचाच राहतो आणि त्याच्या खाली एक कंगोरा तयार होतो. हेड उतरवल्यावर कारागीर प्रथम या कंगोऱ्यावरून नख फिरवतो. नख अडले तर नुसत्या नव्या रिंगा टाकून भागणार नाही हे त्याला तेथेच कळते. मग ब्लॉक टर्नरकडे जातो, सिलिंडर किंचित मोठा करून घेतला जातो आणि त्यात इंचाच्या वीस, तीस किंवा चाळीस सहस्रांशांनी मोठा पिस्टन बसतो. फियाटचा सिलिंडर मुळात ६८ मिलिमीटर व्यासाचा असे, अँबॅसडरचा त्याहून पाच मिलिमीटरांनी मोठा. वाढीची शेवटची मर्यादा गाठल्यावर आत लोखंडी नळी, म्हणजे स्लीव्ह, ठोकून गाडी पुन्हा मूळ मापावर आणली जाई. क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे, उलट असते : तो घासून बारीक केला जातो आणि त्याप्रमाणे जाड बेअरिंग टाकले जाते, ज्याला गॅरेजमध्ये 'टेन साइज', 'ट्वेंटी साइज' म्हणतात.

ही विद्या खेड्यांपर्यंत केवळ मोटारीमुळे पोहोचली, असे मानणे चुकीचे ठरेल. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३३ मध्ये डिझेल इंजिन तयार केले होते, किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ ची, आणि विहिरींवर अशी इंजिने बसू लागल्यावर रिंग, लायनर, नोझल हे शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यात आले. ऑइल इंजिन दुरुस्त करणाऱ्याला जीपचे इंजिन परके वाटण्याचे फारसे कारण नव्हते.

दुरुस्तीच्या या रीतीत निर्णय पुराव्यावर घेतला जाई आणि पुरावा इंजिनच देत असे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. ऑइल भरण्याचे झाकण चालू इंजिनावर काढताच धुराचे फुत्कार बाहेर येत असतील, तर ज्वलनाचा दाब रिंगांना चुकवून खाली उतरतो आहे; यालाच मिस्त्री 'बॅक कॉम्प्रेशन' म्हणतात. दाब कमी असल्याचे दिसले तरी दोष रिंगांचा की व्हॉल्व्हचा, हे ओळखण्यासाठी प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून दाब पुन्हा मोजला जातो. तो वाढला तर रिंगा गेल्या, कारण ऑइलने त्यांची फट तात्पुरती भरली. न वाढला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. इंजिन तापल्यावर मंद गतीत ऑइलचा दिवा लुकलुकू लागला तर बेअरिंगची शंका घेतली जाई. यानंतर 'हाफ इंजिन' करायचे, म्हणजे रिंगा, बेअरिंग आणि व्हॉल्व्ह एवढेच काम करायचे, की बोअर व क्रँकसह 'फुल इंजिन', हे मालकाच्या खिशावर ठरे. पूर्ण काम झालेल्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' अशी पाटी लागे आणि नव्या रिंगा भिंतीशी जुळेपर्यंत ती गाडी रेमटवली जात नसे.

टायमिंग चेनही याच रीतीत बसणारी होती. क्रँकच्या गतीशी व्हॉल्व्हच्या उघडझापीचा मेळ घालणारी ही साखळी फियाट आणि अँबॅसडर या दोन्ही गाड्यांत धातूची होती. ती सैल झाली की खडखडू लागे आणि मालकाला सवड देई. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि हा मेळ तिच्या ७९६ सीसीच्या इंजिनात दातेरी रबरी पट्ट्याकडे आला. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या टाटा इंडिकाच्या डिझेल इंजिनातही पट्टाच होता. पट्टा आवाज करत नाही आणि ऑइलही मागत नाही, पण बहुधा कसलीही सूचना न देता तुटतो. डिझेल इंजिनात दाब मोठा ठेवावा लागत असल्याने पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात जागा फार थोडी असते, त्यामुळे चालत्या गाडीत पट्टा तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि काही हजारांत भागणारे काम हेड उतरवण्यावर जाते. ऐकून-पाहून ठरवण्याची जुनी रीत येथे निरुपयोगी ठरली. भाग शाबूत दिसत असतानाच, केवळ किलोमीटर मोजून तो फेकायचा, ही कल्पना एस.टी. महामंडळाच्या आगारांना नवी नव्हती, कारण तेथे देखभाल किलोमीटरच्या हिशेबानेच होते; खाजगी मालकाच्या मनाला मात्र ती सहजी पटण्यासारखी नव्हती. चांगला भाग बदलायला सांगणारा मिस्त्री लुबाडतो आहे, असा संशय येणे स्वाभाविक होते.

पट्ट्याने आणखी एक प्रथा पक्की केली, जी 'उघडलेच आहे तर' या तीन शब्दांत मावते. पट्ट्यापर्यंत पोहोचण्यासाठी पुढची बाजू उघडावीच लागते. त्या वेळी ताणपुली, तेलाचे सील आणि पट्ट्यावरच फिरणारा पाण्याचा पंप असेल तर तोही बदलून घेतला की मजुरी एकदाच पडते. गिअरबॉक्स उतरवला की क्लच प्लेटबरोबर रिलीज बेअरिंग बदलण्यामागेही हाच हिशेब आहे. प्रथा रास्त आहे, मात्र तिला हद्द हवी : भाग स्वस्त आणि तेथे पोहोचण्याची मजुरी महाग असेल तेव्हाच ती फायद्याची ठरते. अल्टरनेटर किंवा प्लग यांसारखे सहज हाती येणारे भाग 'सोबतच' बदलण्याला तसा आधार नाही, आणि संशय रुजतो तो अशाच बिलांमुळे.

किलोमीटरचा नियम जुन्या बाजारात आला तेव्हा त्याचा पायाच डळमळीत निघाला, कारण विक्रीपूर्वी मीटर मागे फिरवण्याची लबाडी या धंद्यात सर्वज्ञात आहे. शिवाय रबर अंतराने झिजते तसे वयानेही कडक होते. विदर्भातला उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो, आणि वर्षानुवर्षे दारात उभी राहून 'फार कमी चाललेली' म्हणून विकली जाणारी गाडी पट्ट्याच्या बाबतीत जास्त चाललेल्या गाडीपेक्षा धोक्याची असू शकते. म्हणून जाणता खरेदीदार आकड्याबरोबर पेडलच्या रबराची झीज आणि स्टिअरिंगवरची चकाकी पाहतो, जुनी बिले मागतो, आणि पट्टा बदलल्याचा लेखी पुरावा नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला लावतो.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला. हा रस्ता सेलू तालुक्यातूनच जातो आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. केळझर-सेलू-वर्धा अशा फेऱ्यांत ताशी साठच्या आसपास चाललेल्या इंजिनाला तासन्‌तास अखंड वेग नवा असतो, आणि अशा वेळी आधी उघडे पडतात ते रिंग किंवा बेअरिंग नव्हेत, तर रेडिएटरचे जुने पाइप, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप. थंडावा देणाऱ्या या भागांकडे टंचाईच्या काळातला मिस्त्री शेवटी वळे. आता दहा वर्षांची गाडी घेऊन त्या रस्त्याला लागणाऱ्याला ते प्रथम तपासून घ्यावे लागतात.