बटाटा : दोन उसनी नावे

कांदा-लसूण आपल्या देशात शेकडो वर्षांचे जुने, पण उपवासाला वर्ज्य! आणि सातासमुद्रापलीकडून आलेला बटाटा मात्र एकादशीच्या ताटात मानाने बसतो. गंमतच आहे.

बटाटा पोर्तुगीजांनी आणला, असे आपण गोवेकर सहज सांगतो. शब्द त्यांच्याकडून आला हे खरेच, पण तो मूळचा त्यांचाही नव्हे. कॅरिबियन बेटांवरचे तायनो लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. आपल्या बटाट्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत, आणि तिथले त्याचे नाव 'पापा'! युरोपात दोन्ही कंद पोचले आणि नावांची सरमिसळ झाली. पोर्तुगीज भाषेत रताळे आजही 'गोड बटाटा'च आहे. म्हणून सतराव्या शतकातल्या प्रवासवर्णनात हा शब्द दिसला, की बटाट्याची नोंद सापडली असे समजू नये. ते रताळेही असू शकते.

दुसरे नाव आलू. विदर्भातला मराठी माणूस आलूच म्हणतो. सीमा ओलांडून आदिलाबादेत गेलात, की तेलुगूत त्याचा 'आलुगड्डा' होतो. आंध्रच्या किनाऱ्यावर तोच 'बंगाळादुंपा', म्हणजे बंगालचा कंद. पण 'आलु' हा संस्कृत शब्दही बटाटा येण्याआधी इथल्या दुसऱ्या कंदांचा होता. म्हणजे दोन्ही नावे उसनीच!

मग बटाटा आपला केला कुणी? माझ्या मते, लहान शेतकऱ्याने. आपल्याकडचा उष्मा आणि धो धो पाऊस त्याला सोसत नाही. कंद पोसायला रात्री थंड लागतात, मुळाशी पाणी तुंबले की तो कुजतो. पण घाट चढून गेलात की बेळगाव भागातल्या तांबड्या मातीत तो पावसाळी पीक म्हणून येतो. बियाणे पंजाबातून, जालंधरकडून आणायचे, डोळे राखून फोडी करायच्या, मृगाच्या पावसानंतर लावायच्या, मातीची भर द्यायची. पाऊस जास्त झाला तर करपा, ओढ दिली तर कंद बारीक. दरवर्षीचा हा जुगारच. आणि बियाण्याचे पैसे मात्र आधीच मोजलेले असतात.

आपल्या इतिहासात जहाजांची नावे सापडतात, कप्तानांचीही सापडतात. अँडीजमध्ये हजारो वर्षे हा कंद जोपासणाऱ्यांचे आणि घाटावर तो रुजवणाऱ्यांचे नाव कुठेच नाही. बटाटा कुणी आणला हे आपण पाठ केले, पिकवला कुणी हे विचारायचे राहूनच गेले.